बडोद्याच्या हवेत वडाचे बोन्साय: मुळे केव्हा कापावीत?

वाड्याचा_वड
१५ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार. माझ्या एका वडाविषयी सल्ला हवा आहे. सल्ला देणाऱ्याला झाडाची पूर्वकथा माहीत असावी, म्हणून ती थोडी विस्ताराने लिहितो.

दांडिया बाजारातला आमचा जुना वाडा २०१२ मध्ये उतरवला. त्याच्या मागच्या भिंतीत, पन्हाळीखालच्या विटांच्या सांध्यात वडाचे वीतभर रोप उगवले होते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून अशी रोपे जुन्या भिंतींत नेहमीच येतात आणि भिंत फुटू नये म्हणून घरचे लोक ती दरवर्षी कापतात. हे रोपही दोन-तीनदा कापलेले असावे, कारण वर पाने चारच होती, पण खाली मूळ मात्र अंगठ्याएवढे जाड झाले होते. गवंड्याने विटा सोडवताना ते मुळासकट हाती आले आणि मी ते घरी आणले. पहिली पाच वर्षे मोठ्या कुंडीत त्याला मोकळे वाढू दिले, कारण एकदा पसरट कुंडीत घातले की खोड फार सावकाश जाड होते. आज त्याचा बुंधा मातीलगत ९ सेंटीमीटर रुंद आहे, उंची सुमारे ४५ सेंटीमीटर आहे आणि गेली सात वर्षे ते ७ सेंटीमीटर खोलीच्या लांबट कुंडीत आहे.

ज्या गावाचा उल्लेख इ. स. ८१२ च्या ताम्रपटात ‘वटपद्रक’ असा येतो, त्या गावात राहून वडच वाढवावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. त्यामुळे या झाडात माझा जीव गुंतलेला आहे, हे मोकळेपणाने सांगतो.

आता चूक सांगतो. मुळांची छाटणी झाड विश्रांतीत असताना, थंडीच्या अखेरीस करावी, असे मी एका माहितीपुस्तिकेत वाचले होते. त्यानुसार यंदा मकरसंक्रांतीनंतरच्या रविवारी झाड कुंडीतून काढले, मुळांचा जवळजवळ अर्धा भाग कापला, नवी माती घातली आणि भरपूर पाणी दिले. पंधरा दिवसांत सगळी पाने पिवळी पडून गळली. उजवीकडची खालची फांदी आणि शेंड्याकडची एक फांदी आता वाळल्यासारखी दिसते. माती अजून ओलीच आहे. मी रोज पाणी घालत होतो, ते चार दिवसांपूर्वी थांबवले. झाड वाचेल का, आणि वाचवण्यासाठी आज नेमके काय करावे?

मृद्गंध
१५ फेब्रुवारी, रात्री ११:०५

आपण पाणी थांबवलेत, हे सर्वांत योग्य काम झाले आहे. बाकीचे सविस्तर लिहिते, कारण हीच चूक मी १९९४ साली एका उंबरावर केली होती आणि ते झाड मला वाचवता आले नव्हते.

आपण वाचलेली माहिती खोटी नाही, परंतु ती दुसऱ्या हवेतल्या दुसऱ्या झाडांची आहे. जपानी मेपल किंवा एल्मसारखी झाडे हिवाळ्यात पाने टाकून खरोखरच झोपतात. त्यांचे अन्न खोडात आणि मुळांत साठलेले असते आणि वसंत सुरू होताच ती त्या साठ्यावर नवी मुळे फोडतात. म्हणून जागे होण्याच्या थोडे आधी त्यांची मुळे कापणे सोयीचे असते. वड, नांद्रुक, उंबर ही उष्ण प्रदेशातली झाडे आहेत. त्यांना अशी झोप नाही. थंडीत ती केवळ मंदावतात, आणि मंदावलेले मूळ कापले की जखम लवकर भरत नाही. म्हणून त्यांची मुळे पावसाळ्यात कापावीत. बडोद्यात जानेवारीच्या पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो. गच्चीवरच्या ७ सेंटीमीटर खोल कुंडीतली ओली माती त्याहूनही गार लागते. कापलेली मुळे त्या गार चिखलात महिनाभर बसली की ती पाणी ओढत नाहीत आणि टोकांपासून कुजू लागतात. पाने गळणे हा झाडाने केलेला बचाव आहे. खरा धोका मातीच्या आत आहे.

आता तपासणी. सुईच्या टोकाने खोडाला, मग प्रत्येक फांदीला अगदी हलके टोचा. वडाच्या कुळातल्या झाडांत चीक असतो आणि जिवंत भागातून तो पांढरा थेंब होऊन बाहेर येतो. थेंब चटकन आला तर तो भाग पाण्याने भरलेला आहे. सावकाश आणि पातळ आला तर मुळे पाणी पुरेसे चढवत नाहीत. चीक अजिबात आला नाही आणि नखाने खरवडल्यावर साल आतून तपकिरी निघाली तर ती फांदी गेली असे समजावे. फांद्यांच्या टोकांकडेही पाहा. वडाचा कोवळा डोळा एका टोकदार आवरणात असतो. ते आवरण टणक आणि हिरवट असेल तर आशा धरा. मऊ आणि सुरकुतलेले असेल तर तो डोळा फुटणार नाही.

चीक हाताला लागू देऊ नका, काहींच्या त्वचेवर पुरळ येतो. डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो.

वाड्याचा_वड
१६ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

मृद्गंधताई, आपले मनापासून आभार. आत्ताच तपासले. बुंध्यात आणि डावीकडच्या दोन्ही फांद्यांत थेंब येतो, मात्र सावकाश येतो. उजवीकडची फांदी आणि शेंडा पूर्ण कोरडे आहेत. साल आतून तपकिरी आहे. शेंडा गेला म्हणजे झाडाचा आकारच गेला, याचे वाईट वाटते.

मृद्गंध
१६ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

बुंधा जिवंत आहे, हे ऐकून बरे वाटले. आता पुढचे दोन महिने एवढेच करावे. कुंडीची एक बाजू विटेवर टेकवून ती तिरपी ठेवा, म्हणजे तळाचे पाणी निघून जाईल. पुन्हा कुंडीतून काढून मुळे तपासण्याचा मोह आवरा, कारण जी थोडी बारीक मुळे आता फुटली असतील तीही त्यात तुटतील. बांबूची काडी मातीत खोवून ठेवा आणि ती वरून निम्मी कोरडी दिसेपर्यंत पाणी देऊ नका. खोडावर मात्र सकाळी बारीक फवारा द्या. झाड वाऱ्यापासून दूर आणि सकाळच्या उन्हात ठेवा. स्वच्छ पारदर्शक पिशवीत वरचा भाग सैल झाकला तर ओलावा टिकतो. दुपारी ती पिशवी उघडावी, नाहीतर आत झाड शिजेल.

खत अजिबात देऊ नका. आजारी मुळांभोवती खताचे क्षार वाढले की उरलेली मुळेही जळतात. झाड अशक्त दिसले की आपण त्याला खाऊ घालायला धावतो. वडाच्या बाबतीत हे थांबवावेच लागते.

वाळलेल्या फांद्या एवढ्यात कापू नका. कोरडेपणा कुठे थांबतो ते मार्चअखेर स्पष्ट दिसेल, तेव्हा जिवंत भागाच्या थोडे वर कापावे.

गच्चीवरून
१६ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

ताईंच्या बहुतेक सांगण्याशी मी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर माझा अनुभव वेगळा आहे. मांजलपूरला माझ्या गच्चीवर पिंपळाची चार आणि वडाची दोन बोन्साय आहेत आणि मी पिंपळाची मुळे दरवर्षी फाल्गुनातच कापतो. पिंपळ त्या सुमारास स्वतःच पाने टाकतो आणि काही दिवसांत तांबूस पालवी फुटते. पालवी फुटण्याच्या तोंडावर मुळे कापली तर झाड ती जखम सहज भरून काढते, असे मी नऊ वर्षे पाहत आलो आहे. त्यामुळे ‘पावसाळ्यातच मुळे कापावीत’ असा सरसकट नियम करू नये.

मृद्गंध
१६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४०

सरसकट नियम मीही सांगणार नाही आणि पिंपळाविषयी आपण लिहिले ते मला मान्य आहे. मात्र फाल्गुनात कापलेल्या झाडासमोर लगेच बडोद्याचा उन्हाळा उभा असतो, ही गोष्ट मी नव्या माणसाला आधी सांगेन. मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि सिमेंटच्या गच्चीवर उथळ कुंडी हात लावता येणार नाही इतकी तापते. मार्चमध्ये अर्धी मुळे गमावलेले झाड त्या दिवसांत हिरव्या जाळीच्या सावलीत ठेवून, दिवसातून दोनदा पाणी देऊन सांभाळावे लागते. आपण ते करता, म्हणून आपले पिंपळ जगतात. जो नोकरीसाठी सकाळी नऊला घर सोडतो, त्याच्यासाठी जून-जुलै सुरक्षित आहे: पहिले दोन चांगले पाऊस पडून गेले की हवा दमट असते, ऊन ढगांआड असते आणि वडाची मुळे अक्षरशः आठवड्याभरात पांढरी टोके काढतात. नऊ वर्षांचा आपला अनुभव आणि तीस वर्षांचा माझा, दोन्हींचा अर्थ एकच आहे की या झाडांना मुळे कापल्यानंतर ऊब हवी. वाद असला तर तो ऊब कोणत्या महिन्यातली घ्यावी, एवढाच आहे.

गच्चीवरून
१६ फेब्रुवारी, रात्री ८:३०

जाळीचा मुद्दा मान्य. माझ्या गच्चीवर ५० टक्के सावलीची जाळी एप्रिलच्या सुरुवातीला चढते आणि पाऊस आल्यावर उतरते, हे मी लिहायला हवे होते. कुंड्याही मी थेट लादीवर ठेवत नाही; लाकडी फळ्यांवर ठेवतो आणि मेमध्ये कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळतो.

नवी_पालवी
२ मार्च, दुपारी १२:१०

सर्वांना नमस्कार. मी या विषयात अगदी नवीन आहे. वाढदिवसाला मला एका रोपवाटिकेतून आणलेले ‘फायकस बोन्साय’ भेट मिळाले. त्याची मुळे रताळ्यासारखी फुगलेली आहेत आणि वर लहान पानांचा झुबका आहे. ते बैठकीच्या खोलीत ठेवले होते. आता रोज पाच-सहा पाने गळतात. हे झाड वडच आहे का? आणि शिकण्यासाठी कोणते झाड घ्यावे?

मृद्गंध
२ मार्च, दुपारी ४:३५

ते वड नसून नांद्रुक आहे. शास्त्रीय नाव फायकस मायक्रोकार्पा. वडाचा जवळचा नातलग आहे, पण पान लहान, गुळगुळीत आणि चकचकीत असते. बियांपासून वाढवलेल्या नांद्रुकाची मुळे फुगवतात, मग वरचा भाग कापून त्यावर बारीक पानांच्या जातीचे कलम बांधतात. कलमाच्या खालून मोठ्या पानांची फूट आली तर ती लगेच काढावी, नाहीतर तीच सगळी ताकद खाईल.

पाने गळतात ती बहुधा उजेड बदलल्यामुळे. रोपवाटिकेत भरपूर प्रकाशात वाढलेले झाड अचानक खोलीच्या कोपऱ्यात आले की ते जुनी पाने टाकते. ही झाडे घरात ‘चालतात’ असे सांगून विकली जातात. ती घरात फक्त तग धरतात, वाढत नाहीत. त्याला बाल्कनीत सकाळचे चार-पाच तास ऊन द्या, पण एकदम नको. आठवड्याभरात थोडे थोडे पुढे सरकवा.

शिकण्यासाठी मी नांद्रुकच सुचवेन. वड फार देखणा आहे, पण निसर्गात त्याचे पान १० ते २० सेंटीमीटर लांब असते आणि कुंडीत ते लहान करायला वर्षानुवर्षे जातात. माझ्या सर्वांत जुन्या वडाचे पान आता ५-६ सेंटीमीटरांवर आले आहे, त्यामागे सतरा वर्षे आहेत. पिंपळाच्या पानाचा देठ लांब असतो आणि पेरेही लांब पडतात, त्यामुळे दाट घुमट तयार करणे अवघड जाते. नांद्रुकाची पेरे आखूड, पान लहान, जुन्या खोडावरूनही फूट येते आणि चूक झाली तर ते दुसरी संधी देते.

माती_चाळणारा
३ मार्च, सकाळी ८:०५

मूळ प्रश्नातल्या झाडाला कोणती माती घातली होती, हे कोणी विचारलेले दिसत नाही, म्हणून विचारतो. ‘भरपूर पाणी दिले’ आणि ‘माती महिनाभर ओली आहे’ या दोन वाक्यांत मला निम्मे उत्तर दिसते.

वाड्याचा_वड
३ मार्च, सकाळी ९:१५

बागेतली काळी माती, शेणखत आणि थोडी वाळू, समान प्रमाणात.

माती_चाळणारा
३ मार्च, रात्री १०:५०

मग थंडीइतकाच मातीचाही दोष आहे. आपल्या भागातली काळी माती कापसासाठी उत्तम आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. उथळ कुंडीत तोच गुण मारक ठरतो. ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातली हवा निघून जाते. सुकली की आकसून मुळांपासून सुटते आणि वरून घातलेले पाणी कडेच्या भेगेतून सरळ खाली जाते. उथळ कुंडीत निचरा खोल कुंडीपेक्षा कमी होतो, ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते. तळाशी पाण्याचा एक थर नेहमी अडकून राहतो आणि कुंडी जितकी उथळ, तितका तो थर मुळांच्या जवळ येतो. यावर उपाय एकच, माती भरड असावी.

मी भट्टीची फुटकी वीट हातोडीने फोडतो आणि दोन चाळण्यांतून काढतो. मोठी चाळण ५ मिलिमीटरची, लहान २ मिलिमीटरची. मधला भाग ठेवतो आणि खालची धूळ पूर्ण टाकून देतो. लोक इथेच कंजुषी करतात आणि धूळही मिसळतात. असा विटेचा चुरा निम्मा, धुतलेली भरड वाळू पाव, आणि दोन वर्षे जुने, चाळलेले शेणखत किंवा पानांचे खत पाव. कच्च्या विटेचा चुरा घेऊ नये, तो पावसात चिखल होतो. वीट पाणी शोषून धरते आणि दाण्यांच्या मधून हवा खेळते. या मिश्रणाला उन्हाळ्यात पाणी जास्त वेळा द्यावे लागते, हे खरे आहे. त्या बदल्यात जास्त पाण्याने झाड मरत नाही.

पाण्याविषयी एक गोष्ट. ज्यांच्याकडे बोअरवेलचे पाणी आहे त्यांच्या कुंडीच्या काठावर आणि बुंध्यावर पांढरा थर साचतो. ते क्षार आहेत. महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्यावे आणि पावसाळ्यात झाड सरळ पावसात ठेवावे, म्हणजे वर्षभराचे क्षार धुऊन निघतात.

वाड्याचा_वड
२९ मार्च, रात्री ९:००

आनंदाची बातमी आहे. डावीकडच्या खालच्या फांदीवर आणि बुंध्यावर तीन ठिकाणी डोळे फुगले आहेत. एकाचे आवरण आज सकाळी गळून पडले आणि आतून तांबूस पान बाहेर आले. शेंडा मात्र १६ सेंटीमीटरपर्यंत खाली वाळत आला आहे. उरलेल्या भागाला आता उंची नाही, सगळे झाड एका बाजूला पसरल्यासारखे दिसते. यातून बोन्सायचा आकार कसा काढावा, हे मला समजत नाही.

मृद्गंध
३० मार्च, सकाळी ९:४५

फार बरे वाटले. आता आकाराविषयी लिहिते, कारण माझ्या मते या अपघाताने आपल्या झाडाला वडाचा खरा आकार मिळण्याची संधी मिळाली आहे.

आपण सगळेच बोन्सायची चित्रे पाहून शिकतो आणि त्या चित्रांत बहुतेक वेळा पाइन किंवा जुनिपर असतो: एक शेंडा, त्रिकोणी बांधणी, खाली झुकलेल्या फांद्या. आपण नकळत वडालाही तोच आकार देऊ लागतो. वड असा वाढतच नाही. भरूचजवळ नर्मदेतल्या बेटावरचा कबीरवड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथे मूळ खोड कोणते हे सांगता येत नाही. पारंब्या जमिनीला टेकून त्यांचीच खोडे झाली आहेत आणि झाड उंचीपेक्षा रुंदीत जगते. कोलकात्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानातला महावट तर १९२५ पासून मूळ खोडावाचून उभा आहे. ते खोड बुरशीने कुजल्यामुळे काढून टाकावे लागले, तरी पारंब्यांनी तयार झालेले सगळे झाड जिवंत राहिले. शेंडा जाणे ही पाइनसाठी आपत्ती असेल. वडासाठी ती आयुष्यातली एक घटना आहे.

म्हणून शेंडा नव्याने घडवण्याच्या मागे लागू नका. वाळलेला भाग जिवंत खोडापर्यंत तिरपा कापा, डावीकडची फांदी आडवी लांब जाऊ द्या आणि बुंध्यावर फुटलेल्या डोळ्यांपैकी एक उजवीकडे वळवा. छत्रीसारखा पसरट घुमट, रुंदी उंचीच्या दीडपट, आणि खाली पारंब्या. तारेने वळवायचे ते ॲल्युमिनियमच्या तारेने, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तार पाहावी, कारण त्या दिवसांत फांदी इतकी झपाट्याने जाड होते की तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतते. रुतलेल्या तारेची खूण वडाच्या गुळगुळीत सालीवरून कित्येक वर्षे जात नाही.

गच्चीवरून
३० मार्च, दुपारी १:२०

ताईंनी कबीरवडाची आठवण काढली ती फार योग्य केली. मी लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेलो होतो आणि पारंब्यांच्या खोडांमधून चालताना आपण एका झाडात आहोत की राईत, हे कळत नव्हते. माझ्या दोन्ही वडांना मी तोच आकार देत आहे.

तुळशीवृंदावन
१२ जून, सायंकाळी ५:३०

हा धागा मी सुरुवातीपासून वाचत आहे. आज लिहिण्यासारखे काही आहे म्हणून लिहिते. परवा वटपौर्णिमा झाली. आमच्या सोसायटीत पूर्वी खंडेराव मार्केटमधून वडाच्या तोडलेल्या फांद्या आणून पाटावर पूजा होत असे आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात जात. मला ते पाहवत नसे. सहा वर्षांपूर्वी मी त्यातल्या चार फांद्या, प्रत्येकी अंगठ्याएवढ्या जाड आणि हातभर लांब, घरी आणल्या. पाने काढून टाकली, खालचे टोक चीक थांबेपर्यंत पाण्यात धरले आणि भरड वाळूत पुरून सावलीत ठेवल्या. पावसाळा संपेपर्यंत तीन फांद्यांना मुळे आली. त्यांतल्या एकीचे आता पसरट कुंडीतले झाड झाले आहे आणि गेली दोन वर्षे आमच्या मजल्यावरच्या बायका त्याचीच पूजा करतात. सासूबाईंना आधी हे पटले नव्हते. यंदा सूत गुंडाळायला पहिल्या त्याच पुढे आल्या.

माझा प्रश्न असा आहे की सूत खोडाला गुंडाळलेले किती दिवस ठेवावे?

मृद्गंध
१२ जून, रात्री ८:१५

सूत सैल असेल तरीही आठवड्याच्या आत हळूच सोडवून घ्या. पावसात ते भिजून आवळले जाते आणि वाढत्या खोडाला तारेसारखेच रुतते. आपण फांद्या लावल्या तो मुहूर्तही वनस्पतीच्या दृष्टीने अचूक होता: ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास हवा तापलेली आणि पाऊस तोंडावर असतो, त्यामुळे वडाची जाड फांदीसुद्धा मुळे धरते.

नवी_पालवी
२ जुलै, सकाळी ११:००

माझे नांद्रुक आता बाल्कनीत चांगले फुटले आहे. पण नवी पाने मधल्या शिरेवर घडी घातल्यासारखी मिटलेली आहेत, त्यांवर जांभळट ठिपके आहेत आणि घडी उघडली तर आत काळे, बारीक, लांबट किडे पळतात. ही कीड सगळे झाड खाईल का?

गच्चीवरून
२ जुलै, दुपारी २:४५

हे फुलकिडे आहेत, नांद्रुकावर नेहमी येतात. झाड मरत नाही, पण पाने कुरूप होतात. घडी घातलेल्या पानावर फवारा मारून उपयोग होत नाही, कारण कीड आत सुरक्षित असते. अशी सगळी पाने देठासकट तोडून पिशवीत बंद करून टाकावीत. खाली पाडू नयेत. मग एका लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण चांगला ढवळून सायंकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. दुपारच्या उन्हात तेल फवारले तर पाने भाजतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर पानाच्या देठाशी पिठ्या ढेकूण आहे का, तेही पाहावे.

माती_चाळणारा
३ जुलै, सकाळी ७:३०

किडीबरोबरच पुराचीही तयारी ठेवावी, असे मी तळमजल्यावर राहणाऱ्यांना सुचवेन. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी आमच्या अंगणात शिरले तेव्हा माझ्या अकरा कुंड्या दोन दिवस गढूळ पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर मी प्रत्येक झाडावरचा गाळ स्वच्छ पाण्याने धुतला, मातीचा वरचा थर बदलला आणि महिनाभर खत दिले नाही. वड, नांद्रुक आणि उंबर सगळे वाचले. जुनिपर आणि बोगनवेल गेले. या कुळातल्या झाडांची सहनशक्ती मी तेव्हा पाहिली.

वाड्याचा_वड
२१ जुलै, रात्री १०:१०

आपल्या सर्वांच्या सल्ल्याने काय झाले ते सांगण्यासाठी पुन्हा लिहितो.

पहिले चांगले पाऊस पडून गेल्यावर, ५ जुलैला झाड कुंडीतून काढले. काळ्या मातीचा गोळा पाण्यात भिजवून सोडवला. आत जवळजवळ एक तृतीयांश मुळे काळी, मऊ आणि वास येणारी निघाली. ती पांढऱ्या भागापर्यंत कापली. चांगल्या मुळांना हात लावला नाही. माती चाळणारे दादा यांनी सांगितल्याप्रमाणे विटेचा चुरा तयार केला. एक घमेले चाळायला पूर्ण रविवार गेला आणि जेवढी धूळ निघाली ती पाहून आजवर मी झाडांना काय घालत होतो, ते कळले. कुंडीच्या छिद्रांतून तार ओवून बुंधा घट्ट बांधला, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळे तुटणार नाहीत.

आज सोळावा दिवस आहे. एकही पान पिवळे पडले नाही. डावीकडच्या फांदीवर नऊ नवी पाने आहेत. सहा-सात पाने आली की दोनवर छाटावे, असे ताईंनी मला वेगळ्या निरोपात सांगितले होते, पण मुळे नुकतीच कापलेली असल्यामुळे यंदा छाटणी पुढच्या महिन्यापर्यंत थांबवली आहे.

ताई, आपल्याला एक विचारायचे आहे. डाव्या फांदीच्या खालच्या बाजूला, बुंध्यापासून चार बोटांवर, दोन तपकिरी टोके बाहेर आली आहेत. ती पारंब्यांची असावीत असे वाटते. गेल्या अकरा-बारा वर्षांत या झाडाला एकही पारंबी आली नव्हती.

मृद्गंध
२२ जुलै, सकाळी ६:५०

पारंब्याच आहेत. हवा सतत दमट असली की त्या येतात आणि हवा कोरडी झाली की टोक वाळून तिथेच थांबतात. त्यामुळे दिवाळीच्या आत त्या मातीपर्यंत पोहोचवायला हव्यात. शीतपेयाची नळी उभी चिरून पारंबीभोवती बसवा, आत ओले शेवाळ भरा, नळीचे खालचे टोक मातीत खोवा आणि आतले शेवाळ रोज सकाळी-सायंकाळी भिजवा. दोन्ही टोके ठेवू नका. बुंध्याच्या जवळची ठेवली तर पुढे ती खोडात मिसळून जाईल. लांबची ठेवली तर वेगळे खोड उभे राहील आणि फांदीला आधार मिळेल. मी लांबची ठेवली असती. मूळ मातीत रुजले की नळी लगेच काढू नका, पारंबी ताठ होईपर्यंत थांबा.

वाड्याचा_वड
२२ जुलै, सायंकाळी ७:२५

लांबची ठेवली. नळी बसवली आहे, शेवाळ भरले आहे. मातीपासून अंतर ११ सेंटीमीटर आहे.